सायबर सुरक्षेतलं नेतृत्व: एमबीए की सीआयएसएम?

पुण्यात सायबर सुरक्षेचं व्यवस्थापन शिकायचं तर दोन वाटा दिसतात. एक, हिंजवडीतल्या सिंबायोसिसच्या एससीआयटीसारख्या संस्थेत दोन वर्षांचं एमबीए, माहिती सुरक्षा हा विशेष विषय घेऊन. दुसरी, नोकरी सांभाळून इसाका या आंतरराष्ट्रीय व्यावसायिक संस्थेचं सीआयएसएम (सर्टिफाइड इन्फर्मेशन सिक्युरिटी मॅनेजर) प्रमाणपत्र.

सीआयएसएमची परीक्षा 4 तासांची, 150 प्रश्नांची. खरी अट अनुभवाची: माहिती सुरक्षा व्यवस्थापनातली 5 वर्षं, त्यात थोडी सूट मिळते. परीक्षा आधी देता येते, पण अनुभव भरल्याशिवाय प्रमाणपत्र मिळत नाही. सुरक्षा कार्यक्रम आणि घटना व्यवस्थापन (सायबर हल्ला झाल्यास तो हाताळणं) यांनाच परीक्षेत निम्म्याहून अधिक वजन आहे, आणि ते योग्यच आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 2022च्या निर्देशांनुसार सायबर घटना 6 तासांत कळवावी लागते. रात्री कोणाला उठवायचं, कोणता सर्व्हर बंद करायचा, हे आधीच ठरलेलं हवं.

एमबीएत वित्त येतं, माणसं सांभाळणं येतं, प्रकल्पाचं नियोजन येतं. संचालक मंडळासमोर बजेट मागताना हेच कामी येतं. खर्च मात्र मोठा, शिवाय पगार थांबतो.

पाच-सहा वर्षं सुरक्षेतच काम केलं असेल तर मी सीआयएसएमच सुचवेन. नुकतीच पदवी घेतलेल्यांनी एमबीए करावं. प्रमाणपत्र नंतरही घेता येतं.