बेसल थर्मामीटर: पावणेदोन वर्षं रोज पहाटे वापरल्यानंतर

मी वसईची. प्राथमिक शाळेत शिकवते, सकाळचं सत्र. नवरा विमानतळावर कार्गोत आहे, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. मुलगी पावणेचार वर्षांची, मुलगा सव्वादोन. आम्ही कॅथलिक, आणि कुटुंबनियोजन करायचं तर नैसर्गिक पद्धतीनंच, हे लग्नाआधीच दोघांनी ठरवलेलं. एवढं आधी सांगितलं, कारण या थर्मामीटरबद्दल मी जी मतं वाचली ती जवळजवळ सगळी मूल हवं असणाऱ्या बायकांची होती. आमचं काम उलटं. आम्हाला अंतर ठेवायचं होतं. त्या कामाला हे यंत्र कितपत उपयोगी पडतं, ते मराठीत कुणी लिहिलेलं मला मिळालं नाही.

यंत्र साधं आहे. तापाच्या थर्मामीटरसारखंच दिसतं, फक्त दशांशानंतर दोन आकडे दाखवतं. साध्या डिजिटल थर्मामीटरवर ३६.४ दिसेल, यावर ३६.४२. हा दुसरा आकडाच महत्त्वाचा. स्त्रीबीज बाहेर पडलं की शरीरात प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक वाढतं आणि त्यानं पहाटेचं तापमान थोडंसं चढतं. थोडंसं म्हणजे ०.२ ते ०.५ अंश सेल्सिअस. एवढा फरक कपाळावर हात ठेवून कळत नाही, तापाच्या थर्मामीटरवरही नीट दिसत नाही. मी साडेचारशेच्या आसपास दिले होते. बटणाएवढा सेल असतो, पावणेदोन वर्षांत एकदाच बदलला.

आता पहिली तक्रार. माप झालं की हे जोरात पिपाणी वाजवतं, आणि आवाज बंद करायची सोयच नाही. पहाटे पाच दहाला, बाजूला सहा महिन्यांचं बाळ नुकतं झोपलेलं असताना, तो आवाज कसा वाटतो ते आईलाच विचारा. मी पहिल्या आठवड्यातच त्याच्या पाठीवर, जिथून आवाज येतो तिथं, चिकटपट्टीचे तीन थर लावले. त्यानं बरंच भागलं. दुसरी तक्रार, पडद्यामागे दिवा नाही. अंधारात आकडा वाचायला मोबाइल पेटवावा लागतो आणि मोबाइल पेटला की बाळ जागं. मात्र शेवटचं माप आठवणीत राहतं, त्यामुळे मी उजाडल्यावर स्वयंपाकघरात आकडा बघते. घेताना या दोन गोष्टी बघून घ्या: आवाज बंद होतो का, आणि मागचं माप राहतं का.

खोक्यात एक इंग्रजी तक्ता होता. तो मी वापरला नाही. मुलांच्या गणिताची आलेखवही आणली. आडवे दिवस, उभे अंश, एक चौकोन म्हणजे ०.०५.

पहिले सहा आठवडे मी एकटीनं, वाचून वाचून, हे केलं, आणि ती चूक होती. खोक्यावर लिहिलेलं असतं की ‘तुमचे सुपीक दिवस ओळखा’. हे खरं नाही, आणि अंतर ठेवणाऱ्यांसाठी धोक्याचंही आहे. तापमान चढतं ते बीज सुटून गेल्यावर. म्हणजे थर्मामीटर तुम्हाला सांगतो, ‘होऊन गेलं’. ‘येतंय’ हे तो सांगू शकत नाही. बीज जगतं जेमतेम १२ ते २४ तास, पण पुरुषाचे शुक्राणू, गर्भाशयाच्या तोंडाशी येणारा स्राव अनुकूल असेल तर, पाच दिवसांपर्यंत जिवंत राहतात. मग चढ दिसण्याच्या चार दिवस आधी जे घडलं त्याचं काय? त्याचं उत्तर या यंत्रात नाही. ते स्रावात असतं.

ते मला शिकवलं चार शनिवारच्या वर्गानं. त्यामुळे हे परीक्षण अर्धं यंत्राचं आणि अर्धं त्या वर्गाचं आहे. एका धर्मग्रामाच्या, म्हणजे पॅरिशच्या, सभागृहात संध्याकाळी दोन-दोन तास, आम्ही पाच जोडपी. शिकवणारं जोडपं निवृत्त, साठीच्या पुढचं. फी नाही, जे जमेल ते दानपेटीत. पहिल्याच दिवशी काकांनी सगळ्या आलेखवह्या गोळा केल्या आणि नवऱ्यांच्या हातात दिल्या. म्हणाले, “माप ती घेणार, नोंद तुम्ही करायची. चौथ्या शनिवारी प्रश्न मी तुम्हाला विचारणार, तिला नाही.” माझ्या नवऱ्यानं त्या दिवशी पेन घेतलं ते आजतागायत त्याच्याकडे आहे. रात्रपाळीहून सकाळी आठला येतो, हातपाय धुतो, थर्मामीटरचं बटण दाबून आकडा बघतो आणि टिंब काढतो. मी तोवर शाळेत पोचलेली असते.

मला हे फार महत्त्वाचं वाटतं. त्याआधी ‘आज चालेल का’ हा प्रश्न तो विचारायचा आणि ‘नाही’ मला म्हणावं लागायचं. महिन्यातून बारा-तेरा वेळा नाही म्हणणारी बाई घरात काय होते, हे ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको. वही त्याच्या हातात गेल्यापासून तो प्रश्नच उरला नाही. दिवस कोणता आहे ते त्यालाही माहीत असतं.

वर्गात पहिला धडा होता तारखा मोजण्याचा, आणि तो सोडून देण्याचा. जपानचे ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे क्नाउस यांनी १९२० आणि १९३० च्या दशकांत शोधलेलं गणित आपल्याकडे ‘सेफ पिरियड’ म्हणून आलं. माझ्या आईनं आयुष्यभर तेच केलं, कॅलेंडरवर पेन्सिलीनं. आम्ही पाच भावंडं. मागचे महिने बघून पुढचा सांगायचा, तर पाळी घड्याळासारखी हवी. बाळंतपणानंतर, आजारपणानंतर, काळजीच्या दिवसांत ती तशी नसतेच. मोबाइलवरचं एक ॲपही हेच करतं, रंगीत पाकळ्या दाखवून. मला विषाणूचा ताप आला होता त्या महिन्यात ॲपनं दाखवलेला दिवस आणि वहीत दिसलेला चढ यांत पाच दिवसांचं अंतर होतं. ॲप मी त्याच दिवशी काढून टाकलं. माला चक्र नावाची ३२ मण्यांची माळही काकूंनी दाखवली, त्यात ८ व्या ते १९ व्या दिवसाचे मणी पांढरे असतात, तेवढे दिवस दूर राहायचं. ज्यांची पाळी २६ ते ३२ दिवसांत नेमानं येते त्यांना सोपी आहे. माझी तशी येत नाही.

मग स्राव. हे मराठीत बोलायला आम्हा पाचही जणींना पहिल्या दिवशी शब्द सापडेनात. काकू सिस्टरांच्या शाळेत शिकवायच्या, त्यांनी फळ्यावर सरळ लिहिलं: कोरडं, ओलसर, चिकट, घसरतं. कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखा, बोटांत धरला तर न तुटता ताणला जाणारा स्राव म्हणजे जमीन तयार. मेलबर्नचे डॉक्टर जॉन बिलिंग्ज यांनी १९५३ पासून या खुणांवर काम केलं, पुढे त्यांच्या पत्नी डॉक्टर एव्हलिनही त्यात उतरल्या. जागतिक आरोग्य संघटनेनं पुढे पाच देशांत या पद्धतीची चाचणी घेतली, त्यांत आपलं बंगळूरही होतं. ओलाव्याची खूण आधी येते, तापमानाची नंतर. दोन्ही मिळून दार दोन्ही बाजूंनी लागतं. नियम असा: आधीच्या सहा मापांच्या वर सलग तीन मापं, तिसरं त्या सहांतल्या सगळ्यात वरच्यापेक्षा किमान ०.२ नं जास्त. आणि ओलाव्याचा शेवटचा दिवस जाऊन तीन दिवस. या दोनांत जे उशिरा पुरं होईल, त्या संध्याकाळपासून मोकळे दिवस. आमच्या वहीतला एक महिना: ३६.४२, ३६.३८, ३६.४५, ३६.४०, ३६.३६, ३६.४१. मग ३६.५८, ३६.६३, ३६.७०. तो आलेख बघून नवऱ्यानं मला शाळेत मेसेज केला होता, “चढला!” एवढा एकच शब्द.

नीट केलं तर हे चालतं. जर्मनीत ९०० बायकांवर झालेल्या आणि २००७ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात, दोन्ही खुणा बघून सगळे नियम पाळणाऱ्यांत वर्षाला शंभरात ०.४ गर्भधारणा झाल्या, आणि सगळ्या धरून १.८. पण तिथं शिकवलं गेलं होतं, आणि नोंदी तपासल्या जात होत्या. नुसतं यंत्र मागवून हे आकडे मिळणार नाहीत.

आता जे कठीण आहे ते.

मुलगी सात महिन्यांची असताना मला पुन्हा दिवस गेले. पाळी एकदाही आली नव्हती. अंगावर पाजतेय, पाळी नाही, म्हणजे काळजी नाही, असं मी धरून चालले होते. स्तनपानानं गर्भ राहत नाही हे खरं, पण तीन अटी आहेत: बाळ सहा महिन्यांच्या आतलं, फक्त अंगावरचं दूध, आणि पाळी परतलेली नाही. तिन्ही असतील तर ९८ टक्के भरवसा. मी सहाव्या महिन्यात शाळेत रुजू झाले होते, दिवसा वरचं दूध सुरू झालं होतं. दोन अटी मोडल्या होत्या, आणि मला अटी आहेत हेच माहीत नव्हतं. पहिल्या पाळीच्या आधीच बीज सुटू शकतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या लग्नाआधीच्या शिबिरात दोन दिवसांतली वीस मिनिटं या विषयाला होती, जेवणाच्या सुट्टीच्या आधीची. मुलगा आम्हाला देवानं दिला आणि तो आमच्या जिवाचा तुकडा आहे. पण सतरा महिन्यांच्या अंतरानं दोन बाळंतपणं काढताना मी किती खचले होते, ते माझ्या सासूबाईंना विचारा. त्यांनी मला आंघोळ घालून दिलेली आहे.

म्हणून मुलगा सहा महिन्यांचा झाला त्या आठवड्यात हे यंत्र मागवलं. आणि मग सगळ्यात अवघड भाग सुरू झाला. पाजणाऱ्या बाईचा आलेख म्हणजे नुसती दातेरी करवत. रात्री तीनदा उठलेली, पहाटे पाच दहाचं माप काय खरं असणार? सलग तीन तास तरी झोप हवी, ती मिळेना. चढ दिसेना. ओलावा दर दोन-तीन दिवसांनी बदले, आणि बदलला की पुन्हा थांबा. बिलिंग्ज पद्धतीत या काळासाठी वेगळे नियम आहेत, कोरड्या दिवशी एकाआड एक संध्याकाळ वगैरे. वर्गात ते आम्ही शिकलो, पण माझ्या अंगाला ते लागू पडायला वेळ लागला. अकरा आठवडे आम्ही दूर राहिलो. नवरा एकदा रात्री पाठमोरा झोपून म्हणाला, “मला तुझा हात धरायलाही भीती वाटते आता.” ते वाक्य मला अजून ऐकू येतं. मी दुसऱ्या शनिवारी काकूंना बाजूला घेऊन ते सांगितलं. त्या म्हणाल्या, “हात धर ग बाळा. हात कुणी बंद केलाय?” त्या रात्रीपासून आम्ही जेवण झालं की ओट्यावर बसायला लागलो, बावडीच्या बाजूला, मुलं झोपल्यावर, अर्धा तास. हे कुठल्याही तक्त्यात नाही, पण त्याच्याशिवाय ते अकरा आठवडे निघाले नसते.

एका डॉक्टरबाईंना मी आलेखवही दाखवली तर त्यांनी उघडलीही नाही. “तांबी बसवून घ्या, कशाला हा व्याप?” मला राग आला नाही, वाईट वाटलं. आम्ही हे अडाणीपणानं करत नाही. पोप पॉल सहावे यांनी १९६८ च्या ‘ह्युमाने व्हिते’ या परिपत्रकात कृत्रिम साधनं नाकारली, तशीच योग्य कारण असेल तर निसर्गाचे दिवस पाळून अंतर ठेवायची मोकळीकही स्पष्ट दिली. ते आम्ही मानतो. माझं म्हणणं चर्चच्या शिकवणीवर नाही. म्हणणं इतकंच आहे की जे मानायला सांगता ते हातात धरून शिकवा. वीस मिनिटांत नाही. लग्नाआधी एकदा आणि पहिल्या बाळंतपणानंतर पुन्हा एकदा, कारण खरी गरज तेव्हा असते. बाप्तिस्म्याची तयारी करायला आईबाप येतातच, तेव्हा ही तीन अटींची गोष्ट सांगायला दहा मिनिटं लागतील.

नवऱ्याच्या पाळ्यांचंही सांगायला हवं. महिन्यात मोकळे दिवस मिळतात दहा-बारा. त्यात तो रात्रपाळीला असला की तो येतो तेव्हा मी शाळेत गेलेली असते. काही महिने असे गेलेत की दिवस मोकळे आणि घर रिकामं. यावर यंत्राकडे उपाय नाही. त्यानं साहेबांना सांगून एकदा आठवडा बदलून घेतला, कारण मात्र मुलीच्या तापाचं दिलं. खोटं बोलल्याचं त्याला बरेच दिवस लागून राहिलं होतं.

कुणी घ्यावं: जिची झोप बऱ्यापैकी ठरलेली आहे, जिचा नवरा टिंब काढायला तयार आहे, आणि जी आधी कुणा जाणत्या जोडप्याकडे बसून शिकेल. स्वतःच रात्रपाळी करणाऱ्या बहिणींनी, नर्स असाल तर विशेष, केवळ तापमानावर जाऊ नका. झोपेची वेळ बदलली की माप बदलतं. मागच्या महिन्यात एका हळदीला रात्री एक वाजला, घोटभर वाइनही झाली, तर दुसऱ्या दिवशीचं माप उगाच वर गेलं. अशा दिवशी टिंबाला कंस करायचा आणि ते मोजायचं नाही. तापाच्या दिवसांतही तेच. प्रकृतीमुळे पुढचं बाळंतपण धोक्याचं असेल तर एकटीनं, वाचून, या यंत्रावर विसंबू नका. मी सहा आठवडे तसं केलं, आणि आज त्या वह्या बघते तर त्यांतले किमान चार दिवस आम्ही चुकीचे मोकळे धरले होते.

यंत्राला पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण आवाजाचा कापला, अर्धा दिव्याचा, अर्धा खोक्यावरच्या त्या वाक्याचा. वर्गाला पाचपैकी पाच, आणि तो दर वर्षी भरावा म्हणून आम्ही दोघं आता त्या काकाकाकूंना खुर्च्या लावायला जातो.

आज सकाळी ३६.६९. तिसरा दिवस. त्याची रात्रपाळी सोमवारी सुरू होतेय, आणि आज गुरुवार आहे.