बागचं कापड, पिवळं सुती आणि ‘एक सूत नहीं सिकुड़ेगा’

पाच वर्षांच्या नातीला दोन्ही बाजूंनी घालता येईल असा फ्रॉक शिवायचा होता. अशा फ्रॉकला अस्तर नसतंच, दोन्ही थर सुलटेच. म्हणून एक बाजू बाग प्रिंटची (बाग गावचं, ठशांनी छापलेलं लाल कापड) घ्यायची आणि दुसरी साध्या पिवळ्या सुतीची, असं ठरवून इंदूरच्या शीतलामाता बाजारातलं आतल्या गल्लीतलं एक कटपीसचं दुकान गाठलं. राजवाड्यापर्यंत रिक्षा करा, पुढे पायी. गाडी आत घातलीत तर सकाळ गाडीतच जाईल.

माल खरोखर चांगला आहे. बागचं 220 रुपये मीटर, पिवळं 90. दोन्ही सव्वा-सव्वा मीटर घेतलं. पंचवीस थान उलगडून दाखवले तरी माणूस कंटाळत नाही, आणि कापड मीटरपट्टीवर ताणून मोजत नाही. हे हल्ली दुर्मीळ. पिवळ्याबद्दल विचारलं तर म्हणाला, “आंटीजी, एक सूत नहीं सिकुड़ेगा.” आणि मी इतकी वर्षं मशीन चालवून त्याचं ऐकलं!

धार जिल्ह्यातल्या बागचं कापड धुतल्याशिवाय कापायचं नाही, एवढं मला ठाऊक आहे. तुरटीवर चढवलेला तो लाल रंग पहिल्या पाण्यात थोडा सुटतोच. तिसऱ्या पाण्याला निवळला. पिवळं मात्र तसंच कापलं.

शिवताना मजा आली. दोन्हींच्या सुलट्या बाजू एकमेकींवर ठेवून गळा आणि मुंढे शिवले, गोलाईला छोटे कट मारले, खांद्यातून ओढून उलटवलं. कडेची टीप दोन्हीकडून दिसते, म्हणून वर लाल रीळ, बॉबिनमध्ये पिवळा दोरा. ताण जरा चुकला की लालावर पिवळे ठिपके. आधी चिंधीवर दहा वेळा चालवून बघा.

पहिल्या धुण्यात पिवळं आटलं. घेर वाटीसारखा आत वळला, लाल फुगून बाहेर. खालची शिवण उसवली, लाल अर्धा इंच कापला, पुन्हा टीप घातली.

तक्रार घेऊन गेले. हसून म्हणतो, “सूती है आंटीजी, पानी तो पिएगा ना!” वर दोऱ्याचं एक रीळ फुकट दिलं. रागावणार तरी कशी? त्याच्याकडे पुन्हा जाईन, पण कापड कुठलंही असो, आधी रात्रभर बादलीत. पाचपैकी साडेतीन, अर्धा त्या रिळाचा.

नात पिवळी बाजू वर करून घालतच नाही. खिसा मी लालावरच लावला होता ना. पिवळ्याचा उरलेला तुकडा आता धुऊन वाळत घातलाय.