अंदमान, 1,46,000 रुपये आणि एका बाईचा क्यूआर कोड

हसायचं तर हसा, पण वाचा. मी सहकारी बँकेत एकोणतीस वर्षं काढली. काउंटरवर आलेल्या आजी-आजोबांना ‘ओटीपी कुणाला सांगू नका’ म्हणून दटावणारा माणूस मीच. आणि मीच 1,46,000 रुपये घालवून बसलो.

बाबा अठ्ठ्याहत्तरचे. ‘एकदा सावरकरांची कोठडी बघायचीय’ हे आमच्या घरी दर 28 मेला ठरलेलं. सोसायटीच्या ग्रुपवर जाहिरात आली: चौघांचं, माणशी 36,500, पाच रात्री, हॉटेल, बोट, स्कूबा, सगळं त्यात. विमान आपलं आपण. स्वस्त म्हणून भुललो असं कुणी म्हणू नका. जाहिरातीतला एजंट पंधरा हजारात अंदमान म्हणाला असता तर मी फोनच ठेवला असता. टिळक रोडला त्याचं ऑफिस होतं, बाबांना घेऊन तिथे चहा पिऊन आलोय. भिंतीवर जहाजाचा मोठा फोटो. अजून काय तपासायचं माणसाने?

तपासायचं होतं ते मोबाइलच्या स्क्रीनवरच होतं. बुकिंगचे 25,000 भरायला क्यूआर स्कॅन केला तर कंपनीचं नाव नाही, एका बाईचं नाव आलं. मी विचारलंसुद्धा. ‘मिसेसचं खातं आहे काका, करंट अकाउंटचं लिमिट संपलंय आज.’ पैसे जमा व्हायला कसलं आलंय लिमिट? हे मला कळू नये? पण तो मला ‘काका’ म्हणाला, चहा समोर आला, बाबा कौतुकाने जहाजाकडे बघत होते, आणि मी पिन टाकला. पुढचे 61,000 आणि 60,000 त्याच बाईला.

बोटीची तिकिटं पीडीएफमध्ये आली. आमची चार नावं बाकीच्या अक्षरांपेक्षा जरा जाड. तेही मी पाहिलं होतं. वाटलं, प्रवाशांची नावं ठळक छापत असतील.

पोर्ट ब्लेअरला (आता श्री विजयपुरम) पहिल्या रात्रीचं हॉटेल अगदी खरं होतं. हीच मेख आहे. पहिली रात्र चोख ठेवली की माणूस निर्धास्त होतो. त्या दुपारी बाबा सेल्युलर जेलचे जिने धरत धरत तिसऱ्या मजल्यावर चढले आणि कोठडीच्या दारात बराच वेळ काही न बोलता उभे राहिले. मी मनातल्या मनात त्या चोराचे आभार मानले!

दुसऱ्या दिवशी जेट्टीवर पोऱ्याने तिकीट स्कॅन केलं आणि म्हणाला, ‘अंकल, ये पीएनआर किसी और का है.’ मागे रांग, पायाशी चार बॅगा. फोन लावला, स्विच ऑफ. हॅवलॉक बेटावरच्या हॉटेलात आमच्या नावाने चौकशी झाली होती, पैसे आलेच नव्हते. स्कूबावाल्याने तर आमचं नावही ऐकलं नव्हतं. नवी तिकिटं 12,800, चार रात्री 27,600. मुलीला स्कूबा नको म्हणून सांगितलं.

कार्यक्रमपत्रिकेत ‘टॅक्सीने एलिफंट बीच’ होतं. तिथे रस्ताच नाही! बोटीने जायचं, नाहीतर जंगलातून चालत. तिथे कधी गेलेल्या कुणालाही ती पत्रिका दाखवली असती तरी पैसे वाचले असते.

परत आलो तर टिळक रोडला कुलूप. एजंटने जागेचा भाडेकरार वाढवून घेतला नव्हता, एवढंच खालच्या झेरॉक्सवाल्याला माहीत. चौकीत गेलो. ‘गुन्हा अंदमानात घडला, तिथे तक्रार द्या.’ अहो, पैसे टिळक रोडला दिले! मग ‘सायबरकडे जा.’ सायबरवाले म्हणाले, पिन तुम्हीच टाकलाय, हा दिवाणी वाद. पुन्हा चौकी. साहेब बंदोबस्ताला. चौथ्या खेपेला अर्ज घेतला, पण त्यावर शिक्का मागितला तर शिपाई माझ्याकडे असा बघतो की फसवलं मीच. हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्हा नोंदवावाच लागतो, नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये तसं लिहिलंय. मी कलम दाखवलं. ‘काका, वकील आहात का?’

आणि माझीच बँक! ज्या शाखेत माझ्या हाताखाली शिकलेली पोरं बसतात, तिथे उत्तर काय, तर व्यवहार ग्राहकाच्या संमतीने झालेला आहे. 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन पैसे गेल्या गेल्या करायचा असतो. मला कळलं तेव्हा तीन आठवडे उलटले होते.

म्हणून निघण्याआधी प्रत्येक रात्रीच्या हॉटेलला स्वतः फोन करा, पहिल्याच नव्हे. पीएनआर बोट कंपनीकडून तपासून घ्या. मिसेस, मेहुणा, अकाउंटंट, कुणाच्याही खात्यात दमडी टाकू नका. चहा घेऊ नका.

परवा शेजारच्या इमारतीतल्या एकाने लक्षद्वीपच्या पॅकेजची जाहिरात दाखवली. नंबर नवा, कंपनी नवी, जहाजाचा फोटो तोच. मी क्यूआर स्कॅन करून बघितला. त्याच बाईचं नाव.