एक्स वन की एक्स फाइव्ह? शोरूममध्ये जाण्याआधी पार्किंगमध्ये जा

बीएमडब्ल्यू एक्स वन पन्नास लाखांच्या घरातली आणि एक्स फाइव्ह कोटीच्या आसपासची. दोन्हींची जुळणी चेन्नईजवळच्या कारखान्यात होते आणि दोन्हींत माणसं पाचच बसतात. हे दुसरं अनेकांच्या लक्षात बुकिंग झाल्यावर येतं. एक्स फाइव्हचा आकार बघून मागे तिसरी रांग असणारच असं वाटतं, पण भारतात ती पाच आसनीच मिळते. आजी-आजोबा, मुलं धरून सात जणांना गावी जायचं असेल, तर हा लेख तुमच्या कामाचा नाही.

बाकीच्यांनी आधी मोजपट्टी घ्यावी.

| | एक्स वन | एक्स फाइव्ह |
|---|---|---|
| लांबी | ४,५०० मिमी | ४,९३५ मिमी |
| रुंदी (आरसे सोडून) | १,८४५ मिमी | २,००४ मिमी |
| उंची | सुमारे १,६४० मिमी | सुमारे १,७६५ मिमी |
| व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) | २,६९२ मिमी | २,९७५ मिमी |

ठाण्या-नवी मुंबईतल्या बऱ्याच इमारतींत गाडीसाठी आखलेली जागा अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब असते. त्यात एक्स फाइव्ह बरोबर मध्ये लावली तरी दोन्ही बाजूंना जेमतेम पंचवीस सेंटिमीटर उरतात. एका बाजूला खांब आणि दुसऱ्या बाजूला शेजाऱ्याची गाडी असेल, तर दार उघडून उतरणं म्हणजे कसरतच. एक्स वनला बाजूला बत्तीस-तेहतीस सेंटिमीटर मिळतात. तेही ऐसपैस नाही, पण सडपातळ माणूस उतरू शकतो. लांबीला तर एक्स फाइव्हच्या पुढेमागे मिळून साडेसहा सेंटिमीटरच राहतात.

स्टॅक किंवा पझल पार्किंग (गाड्या यंत्राने एकावर एक ट्रेमध्ये ठेवायची सोय) असेल तर आणखी सांभाळा. खांबावर लावलेल्या पाटीवर उंची, रुंदी आणि वजनाची मर्यादा लिहिलेली असते, तिचा फोटो काढा. सेडानसाठी केलेल्या मजल्याची उंची बहुतेकदा साडेपंधराशे मिलिमीटरच्या आगेमागे असते, म्हणजे तिथे 'छोटी' एक्स वनसुद्धा जात नाही. एसयूव्हीच्या मजल्यावर दोन्ही उंचीत बसतील, पण एक्स फाइव्हचं रिकाम्या गाडीचं वजन सव्वादोन टनांच्या आसपास जातं. ट्रेची मर्यादा दोन टनांची असेल तर विषय तिथेच संपला. तळमजल्याच्या ट्रेवर लावतो, चालतं, असं वॉचमन म्हणेल. मोटर आणि साखळीला ते चालत नाही, आणि बिघाड झाला की सगळ्या विंगच्या गाड्या अडकतात.

ठाण्यातल्या नौपाडा, पाचपाखाडी किंवा वाशीतल्या जुन्या सेक्टरच्या गल्ल्यांतही हेच गणित आहे. दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या असताना समोरून रिक्षा आली, तर एक्स वन निसटते. आरसे धरून सव्वादोन मीटरपर्यंत जाणाऱ्या एक्स फाइव्हला मागे यावं लागतं. पाम बीच रोडवर किंवा अटल सेतूवर हा फरक कळतच नाही, म्हणून टेस्ट ड्राइव्ह फक्त तिथे घेऊ नका.

इंजिनाकडे वळू. एक्स वनचं पेट्रोल १.५ लिटरचं, तीन सिलिंडरचं, १३६ अश्वशक्तीचं. डिझेल दोन लिटरचं, चार सिलिंडरचं, १५० अश्वशक्ती आणि ३६० न्यूटन मीटर टॉर्कचं. दोन्हींना सात गिअरचा ड्युअल क्लच (दोन क्लचचा ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स आणि शक्ती पुढच्या चाकांना. एक्स फाइव्हला पेट्रोल असो वा डिझेल, तीन लिटरचं सहा सिलिंडर इंजिन, टॉर्क कन्व्हर्टरचा (क्लचऐवजी तेलातून शक्ती देणारा) आठ गिअरचा बॉक्स आणि चारही चाकांना शक्ती. ताशी शून्य ते शंभर किलोमीटरला एक्स वन नऊ सेकंदांच्या आसपास, एक्स फाइव्ह पेट्रोल ५.४ आणि डिझेल ६.१ सेकंद घेते.

ठाण्याच्या तुंबलेल्या घोडबंदर रोडवर हे आकडे शोभेचे. तिथे जाणवतो तो गिअरबॉक्स. ड्युअल क्लच बॉक्सला इंचाइंचाने सरकणं आवडत नाही. ब्रेक अर्धवट सोडून गाडी रेटत राहिलात, तर क्लच सतत घसरतो, तापतो आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये हलके झटके जाणवतात. उपाय साधा आहे: पुढे गाडीभर अंतर पडू द्या, मग एकदम सुटा आणि पूर्ण थांबा. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये ही काळजी नाही. कापूरबावडी ते गायमुख रोज दीड तास काढणाऱ्याला एक्स फाइव्हचा गुळगुळीतपणा शून्य ते शंभरच्या आकड्यापेक्षा जास्त मोलाचा वाटेल. तीन सिलिंडरच्या पेट्रोलची बारीक थरथर सिग्नलला इंजिन बंद-चालू होताना कळते. पन्नास लाखांच्या गाडीत ती खटकते, हे मान्य करायला हवं.

कसारा किंवा बोरघाटात पाच माणसं आणि भरलेल्या डिकीसह एक्स वन पेट्रोल चढते, पण ओव्हरटेकला दोन गिअर खाली येऊन ओरडते. हायवे जास्त असेल तर एक्स वन घ्यायची ती डिझेलच.

आता त्याच डिझेलची दुसरी बाजू. धूर बाहेर नेणाऱ्या एक्झॉस्टमधला पार्टिक्युलेट फिल्टर काजळी साठवतो आणि ठरावीक भरला की साधारण सहाशे अंश तापमानाला ती जाळून टाकतो. त्यासाठी गाडी सलग पंधरा-वीस मिनिटं बऱ्या वेगात पळायला लागते. नेरुळहून सानपाडा, ठाणे पश्चिमेतून मुलाची शाळा, असं पाच-सहा किलोमीटर रोज रखडत चालवलं, तर जाळण्याची प्रक्रिया अर्धवट राहते, जादा डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं आणि शेवटी दिवा लागतो. हे दोन्ही गाड्यांच्या डिझेलला लागू आहे. आठवड्यातून एकदा तरी लोणावळा, नाशिक किंवा समृद्धी महामार्गावर जाणं होत असेल तरच डिझेल घ्या. भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत पोचल्यामुळे समृद्धी ठाणेकरांच्या दारातच आली आहे, त्यामुळे हे जमण्यासारखं आहे. ॲडब्लूची (डिझेलचा धूर स्वच्छ करणाऱ्या द्रवाची) टाकी भरायचा इशारा आला तर दुर्लक्ष करू नका. ती पूर्ण संपली की गाडी बंद केल्यावर पुन्हा सुरूच होत नाही.

मागच्या सीटबद्दल थोडक्यात. एक्स वनमध्ये दोन मोठी माणसं आरामात, तिसरं मध्ये दाटीने. एक्स फाइव्हमध्ये खांदे लागत नाहीत, आणि एअर सस्पेन्शनमुळे (स्प्रिंगऐवजी हवेच्या फुग्यांमुळे) खड्ड्यातला दणका पाठीपर्यंत पोचत नाही. ड्रायव्हर ठेवून मागे बसून फोनवर काम करणाऱ्याने एक्स फाइव्हच बघावी. डिकी ६५० लिटरची, एक्स वनची पाचशेच्या आगेमागे. एक्स फाइव्हचं मागचं दार दोन तुकड्यांत उघडतं; खालच्या फळीवर बसून बूट काढता येतात, पण जड बॅग ठेवताना तीच फळी आडवी येते.

पैशांत एक्स-शोरूम किंमत ही सुरुवात असते. २२ सप्टेंबर २०२५ पासून दोन्हींवर जीएसटी सारखाच, ४० टक्के, आणि तो किमतीत धरलेला असतो. वेगळा भरायचा तो महाराष्ट्राचा रोड टॅक्स. वीस लाखांवरच्या गाडीला वैयक्तिक नावावर पेट्रोलला १३ टक्के, डिझेलला १५ टक्के. कंपनीच्या नावावर सरसकट २० टक्के. हिशोबासाठी एक्स वन पेट्रोल ५० लाखांची आणि एक्स फाइव्ह डिझेल एक कोटीची धरा. वैयक्तिक नावावर साडेसहा लाख विरुद्ध पंधरा लाख, कंपनीच्या नावावर दहा लाख विरुद्ध वीस लाख. सीए घसारा मिळतो म्हणून कंपनीच्या नावावर घ्या म्हणतो तेव्हा हा फरक आधी वजा करायला लावा. जीएसटीचं क्रेडिट अशा गाडीवर मिळत नाही. दहा लाखांवरच्या गाडीवर एक टक्का टीसीएसही (विक्रेत्याने गोळा केलेला आगाऊ आयकर) घेतला जातो, तो मात्र आयकर विवरणात परत धरता येतो.

इंधनाची चिंता उगाच केली जाते. वर्षाला १२,००० किलोमीटर, एक गाडी लिटरला ११ आणि दुसरी ८ देते असं धरा. फरक चारशे-सव्वाचारशे लिटरचा, म्हणजे चाळीस-पंचेचाळीस हजारांचा. ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी ४० लाखांच्या कर्जाला महिना ८३ हजार आणि ८० लाखांच्या कर्जाला एक लाख ६६ हजार हप्ता बसतो. वर्षभराचा इंधनातला फरक हप्त्यातल्या फरकापुढे पंधरा दिवसांचा.

खरा खर्च वॉरंटी संपल्यावर येतो. एक्स फाइव्हच्या एअर सस्पेन्शनमधल्या रबरी फुग्यांना वयानुसार बारीक चिरा पडतात, हवा गळते आणि ती भरून काढताना कॉम्प्रेसरही जातो. रात्री लावलेली गाडी सकाळी एका कोपऱ्यात बसलेली दिसली, तर तेव्हाच दाखवा. तेव्हा एका फुग्यावर भागतं. टायर मोठे आणि महाग, आणि पुढचे-मागचे वेगळ्या मापाचे असतील तर अदलाबदल करून आयुष्य वाढवता येत नाही. दाराच्या खांबावरचा स्टिकर वाचा. एक्स फाइव्ह घ्यायची तर वाढीव वॉरंटीचे पैसे किमतीतच धरा. एक्स वनला तीच वॉरंटी घेतली तर चांगलं, न घेतली तरी झोप उडत नाही.

पावसाळ्याचा प्रश्न दोघींना सारखाच. ठाण्यात वंदना टॉकीजजवळ किंवा बेलापूरला भरतीच्या वेळी पाणी साचलं की एसयूव्ही आहे म्हणून घालू नका. पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्ट करू नका. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि इंजिन संरक्षण हे ॲड-ऑन (पॉलिसीला जोडलेलं जादा कवच) नसेल तर विमा कंपनी हात वर करते. खाडीकाठच्या सोसायट्यांत उंदीर वायरी कुरतडतात. त्याची भरपाई पॉलिसीत आहे का, तेही विचारून घ्या.

एक तिसरा पर्याय याच किमतीत बसतो. लांब व्हीलबेसची इलेक्ट्रिक आयएक्स वन जानेवारी २०२५ मध्ये ४९ लाखांना आली. व्हीलबेस २,८०० मिलिमीटर, म्हणजे मागे एक्स वनपेक्षा मोकळी. रोड टॅक्स माफ, अटल सेतूवर टोल माफ. सोसायटीने चार्जिंग पॉइंटला लेखी परवानगी दिली असेल आणि रोजचं चालवणं शहरातलं असेल, तर एक्स वन पेट्रोल घेण्याचं कारण शोधावं लागतं.

घरातली दुसरी गाडी, रोज स्वतः चालवणार, जागा अडीच मीटरची: एक्स वन, आणि महिन्याला दोन-तीन हायवे फेऱ्याच होत असतील तर पेट्रोल. ड्रायव्हर आहे, पोडियमवर (इमारतीच्या खालच्या पार्किंगच्या मजल्यांवर) मोठी जागा आहे, दर आठवड्याला पुणे किंवा नाशिक: एक्स फाइव्ह डिझेल. फक्त पाहुण्यांवर छाप पाडायला एक्स फाइव्ह घेत असाल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. तिची सध्याची पिढी जगात २०१८ सालीच आली आणि २०२३ मध्ये तिला नवा चेहरा मिळाला; नवी पिढी आली की विक्रीच्या किमतीला पहिला धक्का तिथेच बसतो. एक्स वनची पिढी भारतात २०२३ ची आहे.

टेस्ट ड्राइव्ह घरी मागवा. आपल्याच रॅम्पवरून आपल्याच जागेत लावा, चारही दारं उघडून बघा, आणि घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला मागे बसवून उतरायला सांगा. डिलिव्हरीआधी टायरवरचे चार आकडे वाचा. पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. गाडीच्या निर्मितीचा महिना लेखी घ्या. मागच्या वर्षीची गाडी निघाली तर सवलत तिथेच मागायची, कारण किल्ली हातात आल्यावर कोणी ऐकत नाही.