‘स्टोन्स थ्रो’ की ‘वॉकिंग डिस्टन्स’? कोल्हापुरातल्या यात्री निवासाची इंग्रजी जाहिरात लिहिताना

अंबाबाईच्या देवळाजवळ यात्री निवास आहे, बुकिंगच्या ॲपवर चार ओळी इंग्रजीत टाकायच्या आहेत, आणि ‘हाकेच्या अंतरावर’ला इंग्रजीत काय म्हणायचं, इथं घोडं अडतं. बहुतेक जण ‘स्टोन्स थ्रो’ लिहून मोकळे होतात. शब्दप्रयोग चांगलाच आहे, पण देवळाजवळच्या भवानी मंडपाला तो शोभतो म्हणून लांबच्या रंकाळा तलावालाही शोभेल असं नाही.

‘अ स्टोन्स थ्रो’ म्हणजे हातानं भिरकावलेला दगड जाईल तेवढं अंतर. ही कल्पना जुनी आहे. 1611 च्या किंग जेम्स बायबलात, लूकच्या 22 व्या अध्यायात, येशू शिष्यांपासून ‘अ स्टोन्स कास्ट’ एवढा दूर गेला असं येतं. आज कास्टच्या जागी थ्रो म्हणतात. मीटरमध्ये याचं माप ठरलेलं नाही, पण वाचणाऱ्याला ‘बाहेर पडलं की आलंच’ असं वाटतं. आमच्या मते दोन-तीन मिनिटांच्या चालीपलीकडे तो वापरू नये. देवळातून भवानी मंडपात जायला तेवढाच वेळ लागतो, तिथं बिनधास्त लिहा. रंकाळा किलोमीटरभर लांब. तिथं ‘स्टोन्स थ्रो’ वाचून आलेला पाहुणा हातात बॅग आणि सोबत म्हातारी आई घेऊन पंधरा मिनिटं चालतो, आणि मग खोली कितीही स्वच्छ असली तरी रिव्ह्यूत दोन तारे कमी होतात.

त्या अंतराला ‘विदिन वॉकिंग डिस्टन्स ऑफ’ बरं. चालत जाता येतं एवढंच ते सांगतं, आणि पुढे ‘पंधरा मिनिटं’ असा आकडा जोडला तर शंकेला जागा उरत नाही. ‘स्टोन्स थ्रो’ला मात्र आकडा जोडू नये, ‘दोनशे मीटर स्टोन्स थ्रो’ हे इंग्रजी वाचणाऱ्याला खटकतं.

चुका बहुतेक याच शब्दप्रयोगात होतात. ‘ॲट स्टोन थ्रो डिस्टन्स’ हे आपल्याकडच्या पाट्यांवरचं इंग्रजी. त्यात डिस्टन्स फालतू आहे, कारण थ्रोमध्येच अंतर आलं. स्टोनला लागलेला एस षष्ठीचा आहे, ‘दगडाची फेक’, म्हणून अपॉस्ट्रॉफी एसच्या आधी येते आणि अगदी सुरुवातीला ‘अ’ हवाच. पुढे ठिकाणाचं नाव असेल तर ‘फ्रॉम’ (‘अ स्टोन्स थ्रो फ्रॉम द टेंपल’), नाव नसेल तर ‘अवे’. ‘टू’ कधीच नाही. आधी ‘विदिन’ लावलं तर मात्र ‘ऑफ’.

उलट भाषांतरात तर जास्तच जपावं लागतं. ‘दगडफेकीच्या अंतरावर’ असं मराठीत लिहिलं की वाचणाऱ्याला दंगल आठवते. मराठीत ‘हाकेच्या अंतरावर’ हाच खरा जोड. हाकेच्याच कल्पनेवरचं ‘विदिन शाउटिंग डिस्टन्स’ इंग्रजीतही आहे, पण जाहिरातीत ते जरा आरडाओरड्याचं वाटतं.

तिसरा पर्याय ‘ॲज द क्रो फ्लाइज’, कावळा उडत जाईल तसं, म्हणजे सरळ रेषेतलं अंतर. हा सहसा आकड्याच्या जोडीनं येतो, आणि ‘द’ गाळला किंवा ‘फ्लाय’ केलं की चुकतो. यात्री निवासाच्या जाहिरातीत त्याचं काम नाही. कोल्हापूर ते रत्नागिरी सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर भरेल, पण आंबा घाट उतरून जाणाऱ्या रस्त्यानं साधारण 130 पडतात, आणि पाहुणा गाडीनं येणार. पन्हाळ्याचंही तसंच: रस्त्यानं सुमारे 20 किलोमीटर हाच आकडा द्यावा, कावळ्याचा नको. नकाशावर दोन ठिकाणांमध्ये सरळ रेघ ओढून मोजलेलं अंतर जाहिरातीत गेलं की हीच फसगत होते. आकडा घ्यायचा तो नकाशाच्या ॲपमधल्या ‘डायरेक्शन्स’चा, गाडीचा किंवा चालण्याचा.

राहिलं ‘विदिन स्ट्राइकिंग डिस्टन्स’. ते आटोक्यात आलेल्या यशासाठी शोभतं, जिंकायला दहा धावा हव्यात तेव्हा. लॉजच्या जाहिरातीत नको.

देवळाच्या अगदी जवळच्या निवासाला अजून एक ओळ लागतेच. गर्दीच्या दिवशी देवळाभोवतीच्या रस्त्यांवर गाडी आत सोडत नाहीत, मग ती बिंदू चौकाच्या पार्किंगला लावून चालत यावं लागतं. तेव्हा ‘अ स्टोन्स थ्रो फ्रॉम द टेंपल’ लिहिल्यावर लगेच पुढच्या वाक्यात गाडी कुठं लावायची आणि तिथून किती मिनिटं चालायचं, हेही लिहावं.