तळ्याच्या पाण्यावर घरच्या बागेचं ठिबक : काही महिन्यांच्या वापरानंतर

तळ्यातून ठिबक चालवायचं असेल तर पंपाच्या आधी फिल्टर ठरवा. इथे अर्ध्या एचपीच्या मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकत्र असलेल्या) पंपाची काहीच तक्रार नाही. कटकट झाली ती शेवाळाची आणि सक्शनची, म्हणजे तळ्यातून पाणी ओढणाऱ्या बाजूची.

हिशेब असा. ताशी 4 लिटरचे 300 ड्रीपर (थेंब सोडणाऱ्या तोट्या), म्हणजे ताशी 1200 लिटर पाणी. तळ्याची पातळी पंपाच्या 2 मीटर खाली, बाग 4 मीटर वर, ड्रीपरला 1 बार म्हणजे 10 मीटर, मळलेल्या फिल्टरमध्ये जाणारे 5 आणि पाइपातल्या घर्षणाचे 2, असं एकूण 23 मीटर हेड, म्हणजे पंपाला पाणी जणू इतकं उंच चढवावं लागतं. पंपाच्या पाटीवरचं कमाल हेड आणि कमाल डिस्चार्ज (ताशी मिळणारं पाणी) एकाच वेळी कधीच मिळत नाहीत, म्हणून 23 मीटरला पंप किती पाणी देतो ते तक्त्यात बघूनच घ्यावा. जादा पाणी बायपास लावून तळ्यात परत सोडता येतं. मुख्य लाइनला 32 मिमी पाइप पुरतो.

फूटव्हॉल्व (सक्शन पाइपाच्या पाण्यातल्या टोकाची, पाणी परत जाऊ न देणारी झडप) तळाशी टेकवला की गाळ ओढतो आणि अगदी वर ठेवला की शेवाळ आणि हवा. हवाबंद कॅन तरंगता ठेवून त्याला फूटव्हॉल्व अर्धा मीटर खोल टांगला, तर पातळी उतरली तरी तो स्वच्छ थरातच राहतो. त्यासाठी सक्शनला लवचिक, पण ओढीने न चपटणारा होज हवा. होज पंपाकडे सतत चढता असावा, मध्ये उंचवटा आला की तिथे हवा अडकते.

पंपाची ओढ तुटून पाणी येईनासं झालं की आधी फूटव्हॉल्वमध्ये काडीकचरा अडकलाय का ते बघा. तिथे काही नसेल तर सक्शनचे जोड तपासा. पंप चालू असताना गळका जोड बाहेर ठिपूससुद्धा टाकत नाही, उलट हवा आत घेतो. प्रेशर गेजचा काटा थरथरतो आणि लाइनमध्ये बुडबुडे दिसतात. पंप बंद करून, लाइन पाण्याने भरलेली असताना जोडावरून कोरडा कागद फिरवा. जिथे ओला होईल तिथेच गळती आहे.

नुसत्या जाळीच्या फिल्टरवर विसंबू नका. शेवाळ मऊ असतं, दाबाखाली जाळीतून पिळून पुढे जातं. आधी सँड फिल्टर आणि त्यातून निसटलेली वाळू धरायला पुढे 120 मेशचा (जाळीच्या बारकाईचं माप) डिस्क फिल्टर, म्हणजे खाचा असलेल्या चकत्यांचा फिल्टर, ही जोडी मला सर्वांत खात्रीची वाटते. सँड फिल्टरच्या दोन्ही बाजूंना गेज लावा. दोन्हींत 0.5 बारचा फरक पडला की बॅकवॉश, म्हणजे उलटं पाणी सोडून धुणं, तेही निघणारं पाणी नितळ होईपर्यंत. पाणी हिरवं झालं की हे वारंवार करावं लागतं, त्याला इलाज नाही.

लॅटरलची (ड्रीपर बसवलेल्या बारीक नळ्यांची) शेवटची टोकं नियमित उघडून धुवा, पहिलं पाणी काळपट येतं. उतारावर पंप थांबताच लाइन रिकामी होते आणि ड्रीपर माती आत ओढतात, म्हणून सर्वांत उंच जागी हवा आत घेणारा एअर व्हॉल्व हवाच. ड्रीपर धुवायला क्लोरीन सोडणार असाल तर आधी बायपास बंद करा आणि क्लोरीन सोडायच्या जागेच्या अलीकडे, पंपाच्या बाजूला, एनआरव्ही (पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व) आहे ना ते बघा. ते पाणी उलटं तळ्यात गेलं तर मासे मरतात. पाण्याकाठी वीज असल्याने अर्थिंग, 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि ड्राय रनचं, म्हणजे पंप पाण्याविना चालण्यापासूनचं, संरक्षण बसवल्याशिवाय पंप सुरूच करू नका.