कॉरी, वाळू आणि बंद पडलेला फिल्टर : काही महिन्यांनंतरचा अनुभव

काही महिन्यांपूर्वी मी कॉरींच्या (तळाशी राहणाऱ्या, मिशा असलेल्या छोट्या माशांच्या) टाकीतली खडी काढून वाळू घातली. परवा रात्री त्या टाकीचा फिल्टर घरघरायला लागला आणि सकाळी बंदच पडला. उघडून पाहिलं तर इम्पेलरभोवती (पाणी ढकलणाऱ्या पात्यांच्या चाकाभोवती) वाळू. सेवा केंद्राने हात वर केले : वाळूने झालेला बिघाड वॉरंटीत बसत नाही, नवा पंप घ्या. इम्पेलर सुटा मिळतो, हे मी खोदून विचारेपर्यंत कोणी सांगितलं नाही. मोटर धडधाकट असताना अख्ख्या पंपाचे पैसे का मोजायचे? इम्पेलर बदलला, फिल्टर सुरू झाला.

रागाच्या भरात वाळू काढून परत खडी टाकायची ठरवलं होतं. पण टाकीसमोर बसलो आणि बेत बदलला. कॉरी डोळ्यांपर्यंत तोंड वाळूत खुपसते, घास भरते, खाण्याजोगं तेवढं ठेवते आणि उरलेली वाळू दोन्ही कल्ल्यांतून भुरभुर बाहेर सोडते. खडीवर हे कधीच दिसलं नव्हतं. तेव्हा मिशाही झिजून खुंटासारख्या झाल्या होत्या. सगळे धारदार खडीला दोष देतात. मला खडीच्या फटींत अडकून कुजणारं खाद्यही तितकंच जबाबदार वाटतं. वाळूवर आल्यापासून मिशा हळूहळू पुन्हा वाढल्या आहेत. एवढ्यासाठी मी फिल्टरची कटकट आनंदाने सोसेन.

तीही आता उरलेली नाही. पाणी ओढणारी नळी तळापासून वर घेतली, तिच्या तोंडावर स्पंज बसवला. वाळूचा थर दोन-तीन सेंटीमीटरच ठेवला. पाणी बदलताना आधी फिल्टर बंद, सायफन (पाणी उपसायची नळी) वाळूच्या जरा वर.

‘तळाचे मासे उरलंसुरलं खाऊन जगतात’ हा सल्ला मात्र मनावर घेऊ नका. वर पोहणारे टेट्रा मासे सगळं फस्त करतात आणि कॉरी उपाशी राहतात. दिवे मालवल्यावर बुडणाऱ्या गोळ्या टाका. एकाच जातीच्या किमान सहा ठेवा. दोन-तीन असल्या की कोपऱ्यात दडून बसतात. मधूनच एखादी सुसाट वर येऊन हवेचा घोट घेते, तिला काही झालेलं नसतं. कॉरी आतड्यातूनही ऑक्सिजन घेतात. सगळ्याच सारख्या वर यायला लागल्या तर लगेच पाणी तपासा : माशांना विषारी असलेले अमोनिया आणि नायट्राइट शून्यच हवेत. पकडताना जाळी नको. परांचे काटे तिच्यात अडकतात, सोडवताना मासा जखमी होतो. प्लास्टिकचा डबा बरा.

‘काच साफ करतो’ म्हणून विकला जाणारा साधा प्लेको मासा घेऊच नका, तो तीस सेंटीमीटरच्या पुढे जातो.

वाळू घेताना चिमूटभर बोटांत चोळून बघा; टोचली तर नको. थोडी व्हिनेगरमध्ये टाका. बुडबुडे आले तर त्यात चुनखडी आहे, पाणी जड होत जाईल. आणि पाणी नितळ येईपर्यंत धुवा, कितीही कंटाळा आला तरी.